एका बरणीची तीन नावं

१४ नोव्हेंबर, गुरुवार

माझ्या नवऱ्याच्या, रविंद्रच्या, दारू सोडणाऱ्यांच्या गटातले नत्थूजी कधीचे म्हणत होते, दारू सोडलेल्या माणसाच्या घरच्यांनीही चार ओळी लिहीत जाव्या, मनातली वाफ निघून जाते. रविंद्रला दारू सोडून जानेवारीत तीन वर्षं होतील. मी मात्र आज पहिल्यांदा लिहायला बसले, तेही त्याच्यामुळे नाही, मधामुळे. (तोंडानं मी त्याला अहो-जाहो करते. वहीत ‘तो’च बरा, हात दुखत नाही.)

सदर भागातल्या दुकानातून माझ्या मधाचं खोकं परत आलं. झाकणं फुगलेली, आत फेस, आणि उतरलेल्या केळ्यासारखा आंबूस वास. दुकानदार गिऱ्हाइकांसमोरच म्हणाला, “दामिनीताई, तुमच्या मधाले तर उफान येऊन राहिला.” माझा मध कधी खराब होत नाही, असं मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आले. मान खाली घालून खोकं उचललं आणि ऑटोत बसले.

चूक माझीच आहे. रामटेककडच्या जंगलातला आग्या मोहोळाचा मध होता. परतीचा पाऊस लांबला, मोहोळवाल्यांनी घाई केली आणि माश्यांनी मेणानं कप्पे बंद करायच्या आधीच पोळी कापली. असा मध पाणीदार राहतो आणि पाणीदार मध आज ना उद्या आंबतो. डब्यात चमचा घातला तेव्हाच तो पातळ वाटला होता. दिवाळीची मागणी होती, म्हणून मी बोलले नाही.

वर संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या प्रेमिलाताई आल्या. त्यांची तक्रार उलटी. मोहरीचा मध गोठला, म्हणजे मी साखर घातली. म्हणे त्यांनी पाण्यात थेंब टाकून पाहिला, वात भिजवून पेटवली, कुत्र्यापुढेही ठेवला. माझं डोकंच फिरलं. मोहरीचा मध थंडीत गोठणारच, तो त्याचा गुण आहे. “बाई, मले एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं,” मी म्हटलं, “विचारायचं सोडून काड्या कायले पेटवत बसता?” रविंद्र आत हसत होता.

१७ नोव्हेंबर, रविवार

माझी भाची भूमिका पुण्याहून एका लग्नाला आली होती, ती आज भेटून गेली. फेसाळलेल्या डब्यात नाक घालून म्हणाली, “मावशी, हे फेकू नकोस. याची मीड होते. मधाची वाइन.” पुण्याकडे लोक रीतसर परवाना काढून ती बनवतात म्हणे. तिच्या ओळखीत एक आहेत. माझ्या मधाची चव त्यांना आवडली तर माझ्याकडूनच मध घेतील, नमुना करून तर बघ, म्हणाली.

मला एकदम हुरूप आला. वीस वर्षं मी दुसऱ्यांनी काढलेला मध गाळते, बाटल्या भरते, चिठ्ठ्या चिकटवते. माझ्या हाताला काही येतं, असं कुणी म्हणालं नव्हतं.

“काकांचं काय पण?” तिनं विचारलं.

“त्यांचं काय? तीन वर्षं होतील. समोर ठेवली तरी पाहणार नाहीत,” मी म्हटलं. जरा जास्तच लवकर म्हटलं. घरी असं करणं कायद्यात बसतं का, हे विचारायचं मी मुद्दाम टाळलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

केली. एक भांडं मध, तीन भांडी पाणी. कोमट करून वरचा फेस काढला, निवू दिलं. संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी पापुद्रा, मूठभर मनुका, आणि भूमिकानं मागवून दिलेली यीस्टची पुडी. लोणच्याची मोठी काचेची बरणी घासून, उन्हात वाळवून घेतली होती. झाकणाला भोक पाडून नळी बसवली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं, म्हणजे आतला वायू बाहेर पडतो पण बाहेरची हवा आत जात नाही. नळी सलाइनची आहे. रामदासपेठेतल्या औषधाच्या दुकानात “पेशंट कोण?” असं विचारलं, तर मी सासूबाईंचं नाव सांगितलं.

एकदा सुरू झालं की थांबत नाही. रविंद्रला सांगितलं, सिरका करते आहे. सासूबाईंना सांगितलं, आसव आहे, गुडघ्यांना चांगलं. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, दारूच्या दुकानासमोरून जाताना त्या अजूनही पदर नाकाला लावतात. त्यांच्यापुढे मी काय बोलणार होते? मीड म्हणायला फक्त भूमिका आहे. एकाच बरणीला तीन नावं झाली. बारशाला एवढी नावं ठेवत नाहीत.

बरणी सासूबाईंच्या खोलीला लागून असलेल्या कोठीत ठेवली. तिथं अंधार असतो आणि आमच्या प्रतापनगरची थंडीही तिथं बेताची लागते.

२४ नोव्हेंबर, रविवार

बुडबुडे सुरू झाले. दिवसभर बुडुक, बुडुक. भाजी निवडता निवडता मी मध्येच जाऊन ऐकून येते. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, “आसव बोलते काय वं असं?” म्हटलं, बोलतं. त्या कोठीच्या दाराकडे बराच वेळ पाहत बसल्या. म्हाताऱ्या माणसाला सगळ्याचं नवल.

८ डिसेंबर, रविवार

भांडण झालं. न्हाणीघरात जायला कोठीवरूनच जावं लागतं. रविंद्र टॉवेल खांद्यावर घेऊन थांबला आणि म्हणाला, “तुहा तो सिरका दुसरीकडं कुठं ठेवता येते काय?”

“काहून?”

“काही नाही. वास येते.”

“सिरक्याले वास येईलच ना. इतकी वर्षं तुमचा वास मी सहन केला, आता दोन महिने तुम्ही माह्या सिरक्याचा करा.”

तो आंघोळ करून बाहेर निघून गेला. एवढं लागेल असं बोलायला नको होतं. पण खरंच सांगते, मला वाटलं माझं काही चाललं की यांना खुपतं. अलीकडे तो रोजच संध्याकाळी बाहेर असतो. पूर्वी सहा वाजता आम्ही तिघं मिळून चहा घ्यायचो, आता मी आणि सासूबाई दोघीच.

२९ डिसेंबर, रविवार

बुडबुडे थांबले. नळीनं ओढून वरचं नितळ दुसऱ्या बरणीत घेतलं, खाली पिठासारखा गाळ राहिला. रंग जुन्या तुपासारखा. मग चमचाभर जिभेवर ठेवलं.

चांगली झाली आहे. मध गोड असतो, ही गोड नाही. गोडी सगळी खर्च होऊन गेली आणि मागे फुलाचा, रानाचा वास तेवढा राहिला. शेवटी संत्र्याची साल जरा कडवट लागते. मी कोठीत उभी राहून एकटीच हसत होते. मग चूळ भरली, तोंडात लवंग टाकली आणि स्वतःचीच लाज वाटली. हेच सगळं तो करायचा. चूळ, लवंग आणि साळसूद तोंड.

भूमिकाला फोन केला. ती म्हणाली, महिनाभर मुरू दे, फेब्रुवारीत येते तेव्हा नेईन. बरणीवर पातळी दिसावी म्हणून बाहेरून माझी एक लाल टिकली लावून ठेवली.

५ जानेवारी, रविवार

द्रव टिकलीच्या खाली गेलाय. बोटभर तरी. उडून गेला असेल. झाकण मात्र घट्ट आहे. थंडीनं वस्तू आकसतात, तसंही असेल.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ वाटून झाला. सासूबाई यंदा भलत्याच खुलल्यात. दुपारी अंगणातल्या उन्हात बसून जात्यावरची गाणी म्हणत होत्या, गाल लाल झालेले. मामंजींनी लग्नात कसं उलटं धोतर नेसलं होतं, ते दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा स्वतःच हसल्या. नंतर पाच वाजेपर्यंत झोपल्या. कोवळ्या उन्हाचा गुण येतो तो असा.

त्यांची तुळशीची माळ खुंटीवर टांगलेली होती. लग्न होऊन आले तेव्हापासून ती माळ मी गळ्याबाहेर पाहिली नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, “स्वेटरात गुतते वं.” संध्याकाळी पुन्हा गळ्यात होती. मी त्यांना मोठ्या गळ्याचं स्वेटर आणून देणार आहे.

टिकलीखाली आता चार बोटं जागा आहे.

रविंद्रच्या खिशात बडीशेपेची पुडी सापडली, धुवायला शर्ट काढताना. हल्ली सारखी तोंडात बडीशेप असते. रात्री माझ्याकडे पाठ करून झोपतो.

१९ जानेवारी, रविवार

लिहायला हात धजत नाही. दुसरं कोण असणार घरात?

दारूच्या दिवसांत तो घरी आला की मी दारातच अडवायची. “तोंड उघडा.” तो मान खाली करायचा, मी वास घ्यायची, मगच आत यायचं. सोडल्यावर पहिलं वर्षभर मी हे केलं. मग एक दिवस आपणहून बंद केलं, आणि त्या दिवशी तो दारातच रडला होता. आता पुन्हा तोंड उघडा म्हणू कशी? म्हटलं आणि वास आला तर? बरणी तर माझी.

त्यापेक्षा टिकली बरी. ती खोटं बोलत नाही.

पुढच्या रविवारी त्याच्या गटात त्याचा वाढदिवस आहे. दारू सोडलेली तारीख म्हणजे त्यांच्याकडे वाढदिवस. केक कापतात आणि बायकोनं नवऱ्याच्या गळ्यात मेडल घालायचं असतं. यंदा त्यानं मोरपंखी साडी नेस म्हणून सांगितलंय.

२६ जानेवारी, रविवार

काय केलं मी आज.

सदर भागातल्या त्यांच्या गटाच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं असतील, बायका, पोरं, सगळी नटून आलेली. सासूबाईंचे गुडघे जिना चढू देत नाहीत, त्या घरीच होत्या. रविंद्रनं केक कापला. नत्थूजींनी मेडल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “वहिनी, दोन शब्द.”

सकाळीच पाहिलं होतं, बरणी अर्ध्यावर आली होती. मेडल हातात आलं आणि मला वाटलं, आता हे मी याच्या गळ्यात घातलं तर मीही या नाटकात सामील झाले. आजवर मी मधात कधी भेसळ केली नाही. मी बोलले. घरात बरणी आहे म्हणाले, त्यात मी मधाची दारू केली आहे म्हणाले, ती रोज कमी होते म्हणाले. “खोटं मेडल माह्या हातानं घालणार नाही,” असं म्हणून ते टेबलावर केकशेजारी ठेवलं.

रविंद्र माझ्याकडे पाहत होता. रागानं नव्हे. कुणीतरी त्याला विचारलं, “रवीभाऊ, खरं काय?” त्यानं हातातली सुरी खाली ठेवली. “मेडल राहू द्या टेबलावर,” एवढंच बोलला.

एक गोष्ट मात्र समजली नाही. पुढच्या रांगेतल्या बायका त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होत्या. एकीनं तर तिच्या पोरीला जवळ ओढून घेतलं. खरं बोलणारीकडे लोक असंच पाहतात.

येताना ऑटोत आम्ही दोघं दोन टोकांना बसलो. मोरपंखी साडीला केकचं क्रीम लागलं होतं.

२८ जानेवारी, मंगळवार

काल संध्याकाळी तो घरी आला आणि दारातच थांबला. चप्पल काढली नाही. मान खाली केली, तोंड उघडलं आणि म्हणाला, “घे वास.”

मी म्हटलं, नाटकं करू नका. तो हलला नाही. शेजारच्या गॅलरीत कौशल्याबाई दोरीवरचे कपडे काढत होत्या, म्हणून मी पटकन वास घेतला. बडीशेप. दुसरं काही नाही. पण बडीशेपेखाली काय दडवलंय ते कुणाला ठाऊक. आजही तसंच, “घे वास.”

बरणी मी लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली कमरेला. फेकून का दिली नाही? भूमिकाला नमुना द्यायचा आहे. आणि खरं कारण असं की, फेकली तर मीच चुकले असं होईल.

२ फेब्रुवारी, रविवार

कुलूप लावल्यापासून द्रव केसभर हलला नाही. झाली ना खात्री.

रविंद्र आज गटाच्या बैठकीला गेला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून होता. सासूबाई सकाळपासून माझ्यामागे लागल्यात. “ते आसव मले दे.” म्हटलं, आई, ते आता मिळणार नाही. “मंग फेकून दे,” म्हणाल्या. कधी दे, कधी फेक. यांचं वय झालं.

प्रेमिलाताई आल्या होत्या. गोठलेली बाटली त्यांनी मी सांगितल्याप्रमाणे कोमट पाण्यात ठेवली होती, मध पहिल्यासारखा झाला. “न विचारता बोलली मी. चुकलंच माहं,” असं म्हणाल्या आणि वर दोन बाटल्या घेऊन गेल्या. मी त्यांना पाच मिनिटं ऐकवलं, माणसानं आधी विचारावं, मग शिक्का मारावा म्हणून. आतल्या खोलीतून या वेळी हसू आलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं जसं झालं तसं लिहिते, नाहीतर मीच ते उद्या बदलून सांगेन.

दुपारी नत्थूजी आले. जरीपटक्याला त्यांचं गॅरेज आहे, हातावर ग्रीस तसंच. रविंद्र बैठकीला येत नाही म्हणून त्याला घ्यायला आले होते. तो बाजारात गेला होता. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाले, उभेच राहिले.

“वहिनी, एक बात बोलू काय? तुमच्या घरी बरणी हाये, हे त्यानं मले नोव्हेंबरातच सांगितलं. रोज शाम को माह्या गॅरेजमधी येऊन बसे. वास सहन नाही होत म्हणे. मी म्हटलं, वहिनीले सांग ना गा. तर म्हणे, तिनं पहिल्यांदा मन लावून काही केलं, बंद कर म्हणू कसं? बडीशेप मीच खाऊ घालत होतो त्याले, तलब मराले. तो पेला नाही, वहिनी. पेला असता तर मले समजलं असतं. पेणाऱ्यालेच पेणाऱ्याचा वास येते.”

“मंग कोण पेलं?” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “भुतं येतात काय माह्या घरी? भर मेडलच्या दिवशी अर्धी बरणी रिकामी होती.”

“कोणतं मेडल?” खाटेवरून सासूबाईंनी विचारलं.

त्या जाग्या आहेत हे आमच्या लक्षात नव्हतं. त्या दिवशीचं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मग त्यांनीच दोन वाक्यांत सांगून टाकलं.

सासूबाई उठून बसल्या. माळ गळ्यात होती, ती मुठीत धरली.

“त्यानं नाही पेली. म्या पेली.”

“आई, तुम्ही औषध समजून...” मी म्हटलं.

“औषध कायचं वं? मले वास नाही ओळखू येत? पंधरा वरीस त्याचे ओकलेले कपडे म्या धुतले. पहिल्याच दिवशी समजलं होतं. तू आसव म्हणली, मी हो म्हणली.” त्या थांबल्या, धाप लागली होती. “एक गिलास मोरीत टाकून पाह्यला. दिवसभर वास जाईना. म्हटलं, तुले वास आला तर नाव रवीचंच निघन. मंग पेऊनच टाकली, रोज थोडी थोडी. पोटात गेली का कोणाले दिसत नाही. तो पेल्यापक्षा मी पेलेली बरी. माळ काढून ठेवत जाऊ खुंटीले. माळेले कायले बाटवायचं?”

“मले सांगायचं होतं ना, आई. फेकून दिली असती.”

“दिली असती?” त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरोखरच विचारलं.

मी कमरेची किल्ली चाचपली.

रविंद्र पिशवी घेऊन दारात उभा होता, कधी आला कळलं नाही. त्याला आईचं अर्धंच माहीत होतं. तिच्या तोंडाला वास येतो हे त्यानं संक्रांतीलाच ओळखलं होतं. त्याला वाटलं, मी औषध सांगितलं म्हणून ती बिचारी औषध समजून घेते. दारू आहे असं कळलं तर ती अन्न सोडून बसेल.

“म्हणून बैठकीत गप्प बसले?” मी विचारलं.

“काय बोलू? पन्नास लोकांत माही माय पेते म्हणू?”

तो पिशवीतली वांगी काढून परातीत ठेवत राहिला. आई पोरासाठी पीत होती, पोरगा आईसाठी गप्प होता, आणि मी मधोमध बरणीला टिकली लावून पहारा देत होते. दोघांपैकी एकानंही मला दोष दिला नाही. त्यांनी दिला असता तर बरं झालं असतं.

नत्थूजी गेल्यावर बरणी काढली आणि मोरीत ओतली. ओततानाही वास छान येत होता. राख लावून मोरी घासली, फिनेल टाकलं, तरी रात्रीपर्यंत वास गेला नाही. सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या.

९ फेब्रुवारी, रविवार

सासूबाई म्हणाल्या, मीही येते. जिना चढायला आम्हाला किती वेळ लागला. एका बाजूनं रविंद्र, एका बाजूनं मी, प्रत्येक पायरीवर त्या “थांब वं” म्हणायच्या. वर गेलो तर बैठक सुरू झालेली. मी काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं. पुढच्या रांगेतल्या त्याच बायका दिसल्या. त्या दिवशी त्या माझ्याकडे का पाहत होत्या, ते मला आज त्यांच्या समोर उभं राहिल्यावर कळलं. यांच्या घरांत खोकल्याचं औषधसुद्धा, त्यात दारूचा अंश असतो म्हणून, कुलपात असतं. आणि मी दारूची बरणी त्याच्या न्हाणीच्या वाटेवर ठेवली होती, आणि वर तेच मोठ्या तोंडानं सांगितलं होतं.

जुळवलेलं सगळं विसरले. “माह्या नवऱ्यानं दारू पेली नाही. मी न विचारता बोलली,” एवढं म्हटलं. तेवढ्यात सासूबाई खुर्चीचा आधार घेऊन उठल्या. इतरांचं ऐकून त्यांनी रीत शिकून घेतली होती.

“मी जिजाबाई,” त्या म्हणाल्या. “मी दारू पेली.”

मागे कुणीतरी हसलं. मग त्यांनी बाकीचं सांगितलं आणि हसणं बंद झालं. शेवटी म्हणाल्या, “आता सोडली.” सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मी कुठं पाहू, मला समजत नव्हतं.

मेडल नत्थूजींनी जपून ठेवलं होतं. पुन्हा माझ्याच हातात दिलं. रविंद्रनं मान खाली केली. घालताना फीत त्याच्या कानाला अडकली, ती त्यानंच सोडवली. मग सासूबाईंनी गळ्यातली माळ काढून त्याच्या हातात दिली. “मी पेत होती, तवा माह्या हातानं काढत होती. आता तुह्या हातानं घाल.” त्यानं घातली. त्या दोघांच्या गळ्यात घालायला काही तरी होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

भूमिकाचा फोन. “मावशी, नमुना तयार आहे ना? चव कशी आहे?” म्हटलं, सांडली. ती हळहळली. चव चांगली होती, असंही सांगितलं, कारण होती. त्याचीच जास्त लाज वाटते.

सासूबाईंचे गुडघे पुन्हा धरले. मी तेल लावून देते. सहा वाजताचा चहा पुन्हा तिघांचा व्हावा, म्हणून आज मी पाच वाजल्यापासून आधण ठेवून बसले होते. बेल वाजली. मी धावत जाऊन दार सताड उघडलं आणि बाजूला झाले, “या,” म्हटलं.

रविंद्रनं चप्पल काढली नाही. उंबऱ्याबाहेर थांबला, मान खाली केली आणि तोंड उघडलं. मग त्याच्याच लक्षात आलं. “सवय लागली,” असं म्हणून तो हसला आणि आत आला.

मी चहात साखर घालायला विसरले. तो तसाच प्यायला.